गोव्यात गाणी बंद होती तेव्हा

गडहिंग्लजहून गोवा लांब नाही. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, आणि सावंतवाडीनंतर दोन डुलक्या काढल्या की पेडणे. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं मंगेशी-शांतादुर्गेला जाऊन आलेली आहेत. उरलेली निम्मी कशाला जाऊन आली ते घरी सांगत नाहीत. माझ्या नणंदेनं मात्र साठी उलटेपर्यंत गोवा पाहिला नव्हता, आणि पाहायचा ठरवला तोही देवदर्शनासाठी नव्हे. त्यांना नाचायचं होतं.

मालतीवन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांनी ओढलं. दूध संघात दुधाचे नमुने तपासण्यात नोकरी काढली, दोन भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावली, स्वतःचं राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. थरथर एक वेळ परवडली, खरा त्रास पायांचा. चालता चालता, विशेषतः दाराशी किंवा उंबऱ्यापाशी, त्यांचा पाय जमिनीला खिळल्यासारखा अडकतो. मन म्हणतं चल, पाय म्हणतो नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यावर एक उपाय सांगितला होता. ठेका द्या. गाणं लावा, टाळ्या वाजवा, ताल मिळाला की पाय सुटतो. तेव्हापासून आमच्या घरात रेडिओ कायम चालू. वन्सं स्वयंपाकघरातून पडवीत येतात त्या कुठल्या ना कुठल्या गाण्यावर.

एक दिवस भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "उज्ज्वला, पाय ऐकतायत तोवर एकदा नाचून घेते. भावांच्या वरातीत नाचले नाही, गणपतीत नाचले नाही. घरातली मोठी होते ना."

माझी मुलगी सायली पुण्याला असते. तिनं आत्याला मोबाइलवर एक जागा दाखवली. मांद्र्याच्या किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचा मोठा चौथरा, वर रंगीत दिवे, समोर समुद्र, आणि सगळ्या वयाची माणसं नाचताहेत. वन्संनी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की शेवटी सायलीनंच वर्षअखेरीच्या आठवड्यात तिथलं टेबल राखून ठेवलं आणि जवळच एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली. नणंद-भावजय दोघीच निघालो.

आंबोलीत चहाला थांबलो तर टपरीवर गाणं नाही. टपरीवाला टीव्हीकडे बघत उभा. देशाचं मोठं पद भूषवलेले एक वयोवृद्ध नेते गेले होते, आणि सरकारनं राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला होता. वन्संनी कप खाली ठेवला आणि हात जोडले. "चांगला माणूस होता हो," म्हणाल्या. मीही हात जोडले. या बातमीचा आमच्या प्रवासाशी काही संबंध असेल हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मांद्रे

पेडण्यातून जाताना सरकारी कचेरीवरचा झेंडा अर्ध्यावर दिसला. मांद्र्याच्या वाटेवर जागोजागी नववर्षाच्या कार्यक्रमांचे फलक होते. काहींवर आडवी कागदी पट्टी चिकटवलेली, काहींना तर सरळ चादर गुंडाळलेली.

आमची यजमानीण सुशीला परब, पन्नाशीची, ठसठशीत, डोळ्यांत सतत काहीतरी मिश्कील. तिनं दारातल्या बाल्कांवावर, म्हणजे तिकडच्या घरांना असतो तशा बाकवाल्या ओट्यावर, आमच्या पिशव्या उतरवून घेतल्या.

"या गो, बसा. घाट लागला नाय मगो?"

उंबऱ्यावर वन्संचा पाय अडकलाच. मी हळूच टाळ्या वाजवून "एक दोन, एक दोन" म्हणायला लागले. सुशीलाबायनं काही न विचारता शेजारचं ताट उचलून बोटांनी वाजवायला घेतलं. वन्सं आत आल्या.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं. आमच्याकडे तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी. इथलं तिखट खोबऱ्याच्या आडून येतं, आधी गोड बोलतं आणि मग जिभेला चिमटा काढतं. वन्संनी दोनदा भात घेतला. नंतर पिशव्या उपसताना लक्षात आलं की त्यांच्या गोळ्यांची एक पट्टी घरीच राहिली आहे. तशा दोघी चौकात गेलो.

एका दुकानापुढे ही मोठी रांग. शटर अर्धं खाली. आजारपणाची साथबीथ आहे की काय अशा विचारानं आम्हीही रांगेत उभ्या राहिलो. पुढचा माणूस बेळगावचा निघाला. तो मागे वळून अगदी आपुलकीनं म्हणाला, "मावशी, उद्या ड्राय डे आहे म्हणे. भरपूर घेऊन ठेवा."

तेव्हा कुठं मला शटरवरचं बाटलीचं चित्र दिसलं. मी निघायला लागले, पण वन्सं हलेनात. मला वाटलं पाय अडकला. तर त्या हसत होत्या. "थांब गं, एवढं उभं राहिलोय तर बघू तरी."

आमचा नंबर आला. दुकानदार घामेजून गेला होता. "तुमका कितें जाय?"

"गोळ्या," वन्सं म्हणाल्या.

तो बघतच राहिला आणि मग पोट धरून हसला. "आजे, हांगा येणारो दरेक जण औषध म्हणूनच घेता. पण तुमचं खरं दुकान पलीकडे, पिंपळाच्या बाजूक."

मी विचारलं, "उद्या खरंच बंद आहे का हो?"

"कोणी सांगितलं? झेंडो अर्ध्यार, सरकारी कार्यक्रम बंद, इतकंच. दारू बंद करा म्हणून माझ्याकडे काय आलं नाय. पण एकानं मोबाइलार कितें तरी घातलं आणि सगळे धावत सुटले. सकाळपासून जेवूक मेळलं ना मला." मग आवाज उतरवून म्हणाला, "अंत्यसंस्काराच्या दिवसा मी आपसूक बंद ठेवतलो. तो वेगळो विषय. तो माझ्या मनाचो."

परतल्यापासून सगळे विचारतात म्हणून लिहून ठेवते. त्या दिवसांत आम्ही पाहिलेला गोवा असा होता. दारू मिळत होती, पण गाणी बंद होती. कुणावर सक्ती केल्याचं आमच्या तरी कानावर आलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या मनाशी ठरवलेलं. कुठं दुकान उघडं पण माणसं हळू बोलताहेत, कुठं बारच्या टेबलांवर मेणबत्त्या, आणि एका ठिकाणी तर परदेशी पाहुणे कुजबुजत विचारत होते की आम्ही हसलो तर चालेल का.

आमच्या टेबलाची वेळ दुसऱ्या संध्याकाळची होती. वन्संनी मोरपंखी साडी नेसली, केसांत सुशीलाबायनं दिलेला अबोलीचा गजरा माळला. वाळूतून जायला फळ्या टाकल्या होत्या. मी गुणगुणत होते, त्या चालत होत्या. चौथऱ्याशी पोचलो तर खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या. कोपऱ्यात दोन-तीन टेबलांवर माणसं गुपचूप पीत बसली होती.

तिथला व्यवस्थापक प्रसाद, कुडाळचा तरुण, धावत आला. "काकी, तुम्हाला फोन लावत होतो. मालकांनी दुखवटा संपेपर्यंत संगीत बंद ठेवलंय. जेवण मिळेल, ड्रिंक्स मिळतील. टेबलाचे पैसे परत करतो."

"गोळ्या चालू असताना मला प्यायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "बाटलीशी माझं काम नाही रे. मला ठेका हवा होता."

मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. हळू आवाजात एक गाणं, मोबाइलवर का होईना, अशी विनवणीही केली. तो विरघळला होता, मालकांना विचारायला म्हणून फोनही काढत होता. वन्संनीच त्याचा हात अडवला.

"नको. बाकीच्यांना नाही म्हणालास ना? मग मलाही नाही म्हण. माणूस गेलाय. चार दिवस देश गप्प राहिला तर बिघडलं कुठं?"

प्रसादनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "दिवे लावले तर चालतील ना? दिव्यांना आवाज नसतो."

त्यानं दिवे लावले. सूर्य नुकताच बुडला होता. रिकाम्या चौथऱ्यावर लाल, निळे, जांभळे ठिपके फिरायला लागले. वन्सं हळूहळू मधोमध गेल्या. दोन्ही हात जरासे उचलले, साडीच्या निऱ्या सावरल्या, आणि पाऊल टाकायला गेल्या. पाय उठेना. मी तोंडातल्या तोंडात ताल धरला, पण लाटांच्या आवाजात तो त्यांच्यापर्यंत पोचेना. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग जात होते, येत होते. त्या तशाच उभ्या होत्या. मग माझ्याकडे बघून हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला.

मी त्यांना धरून आणलं. आम्ही नको नको म्हणत असताना प्रसादनं लिंबू सोडा पाजला. परत येताना त्या एकच वाक्य बोलल्या. "पुढच्या वर्षी जमेलसं वाटत नाही गं."

रात्री त्या झोपल्यावर मी बाल्कांवावर येऊन बसले. सुशीलाबाय कुळीथ पाखडत होती. तिनं विचारलं नाही, मीच सगळं बोलून टाकलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "फाल्यां सकाळी माझ्या मायेरा जाऊया. सर्वणाक. पौष लागलाय. आमच्या बायकांचे धालो सुरू होतले. नाचच तो. आणि वाजप-बिजप काय नाय. फकत गळो."

सर्वण

सुशीलाबाय स्वतः गाडी चालवते, तीही हॉर्न वाजवत आणि समोरच्याला कोंकणीतून उपदेश करत. डिचोलीच्या बाजूला खाणींच्या लाल डोंगरांचे कापलेले कडे दिसू लागले. गाव जवळ आलं तसे कुळागरांतले माड-पोफळी आणि वायंगणी, म्हणजे हिवाळी, भातशेतीसाठी पाणी भरून ठेवलेले चिखलाचे वाफे. समुद्रावरचा गोवा आणि हा गोवा यांची एकमेकांशी ओळख आहे की नाही असं वाटावं इतकं वेगळं सगळं.

सुशीलाबायची वहिनी यशोदा हिनं गरम पातळभाजी आणि पोदेराकडचे उंडे पुढे ठेवले. पोदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. आमच्याकडे पाव आजारी माणसाला देतात, इथं पावाशिवाय सकाळ होत नाही. खाता खाता सुशीलाबायनं विषय काढला, आणि यशोदेचा चेहरा उतरला.

"धालो होतले काय ना, तेंच ठरना अजून. दुखवट्यात बरं दिसता काय, म्हणतात कोण कोण. दुपारी सगळ्यो जमतल्यो मांडार."

मांड म्हणजे शेणानं सारवलेलं, तुळशीसमोरचं अंगण. धालोंची ती ठरलेली पवित्र जागा, तिथं पायांत वहाणा चालत नाहीत आणि धालो सुरू असताना पुरुष फिरकत नाहीत. दुपारी वीसेक बायका जमल्या. आम्ही दोघी कडेला बसलो. मला वाटलं होतं लगेच हो म्हणतील. तसं झालं नाही.

गावातल्या शाळेत शिकवणारी सुषमा बोलायला उठली. तिच्या बोलण्यात ताठा नव्हता, काळजी होती. "शाळेत आम्ही मुलांना उभं करून श्रद्धांजली दिली. सांस्कृतिक कार्यक्रम पुढे ढकलला. आणि संध्याकाळी मीच लाऊडस्पीकरवर गाणी म्हणत नाचले तर पोरं काय शिकतील? आठ दिवसांनी करू."

"आठ दिवसांनी?" एक म्हणाली. "दीस ठरलेलो आसा. मांड जागवायचो तो त्या दिवसा."

"तो नाच न्हय गो, देवाचं कार्य."

"मग लाऊडस्पीकर कित्याक लावतां? देव भेरो आसा?"

हशा पिकला आणि लगेच थांबला. बाजू दोन पडल्या. सुशीलाबायनं मध्येच सांगून टाकलं की ह्या पाहुण्या लांबून आल्यात, ह्या बाईंना नाचायचंय. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

वन्सं बसल्या जागेवरूनच बोलल्या. "माझ्यासाठी करू नका. मी कालही नाही म्हणून आलेय. तुमची बाई म्हणते ते खरं आहे, दुखवटा पाळायला हवा. मला इतकंच विचारायचंय, धालोत तुम्ही मागता काय देवाकडे?"

उत्तर दिलं शेवंतीकाकींनी. धालोंची मुख्य बाई, पासष्टीच्या, कमरेत किंचित वाकलेल्या. "मागतां कितें? गावाचं बरं. गुराढोरांचं बरं. पोरांचं बरं. जे गेले तेंका बरी वाट."

"गेलेल्यांनासुद्धा?"

"तेंका पयलीं."

सुषमानं खाली बघितलं. काकी तिच्याकडे वळून म्हणाल्या, "बाय, तुझं चुकलं नाय. घरात कोण वारलं की आमी मांडार येत नाय. पण ते सुतक घराचं. देशाचं सुतक कसं पाळचं, ते आमकां कोणे शिकवलं ना. तूच सांग, कशें केल्यार तुका बरें दिसतलें?"

सुषमा बोटांवर मोजू लागली. "लाऊडस्पीकर नको. मोबाइलवर व्हिडिओ काढायचा नाही. आणि सुरुवातीला त्यांच्या नावानं एक दिवा."

"इतकंच? लाव गो दिवो. तुझ्याच हातान."

दिवेलागण झाली, जेवणं लवकर उरकली, आणि बायका जमू लागल्या. अंबाडे घातलेले, त्यांवर फुलं, बहुतेकींच्या अंगावर ठेवणीतली लुगडी. सुषमानं तुळशीपाशी एक पणती जास्तीची लावली. सगळ्या हात जोडून उभ्या राहिल्या. कुणी काही बोललं नाही. कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, पाण्याच्या पाटाचा आवाज येत होता. मी त्या दिवसांत टीव्हीवर बऱ्याच श्रद्धांजल्या पाहिल्या, पण माझं डोकं खऱ्या अर्थानं खाली झालं ते त्या अंगणात.

मग दोन ओळी समोरासमोर उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं शेजारणीच्या कमरेला हात घातला. काकींनी वन्संना आपल्या आणि यशोदेच्या मध्ये घेतलं. मला समोरच्या ओळीत ढकललं.

"मला पाय अडकायचा त्रास आहे," वन्सं घाईघाईनं सांगायला लागल्या. "मध्येच थांबले तर तुमची ओळ मोडेल."

"भियेव नाका," काकी म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. धरित्रीला नमन, गावच्या देवाला नमन, राखणदाराला नमन. एका ओळीनं म्हणायचं, दुसरीनं ते झेलायचं. चार पावलं पुढे, कमरेत वाकायचं, चार पावलं मागे. चाल इतकी संथ की आधी मला वाटलं यात नाच कुठं आहे? पण थोड्या वेळानं ती अंगात भिनायला लागली. अनवाणी पाय सारवणावर एकदम पडत होते, आणि तो धप् असा मऊ आवाज हाच तिथला ढोल होता. विनामाइकचे ते आवाज. कुणाचा चिरका, कुणाचा घोगरा, एकमेकांत मिसळून गोड झालेले.

वन्सं पुढे आल्या. वाकल्या. मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, डोळे मोठे झाले होते. शब्द येत नव्हते तरी ओठ हलत होते. मी गायचं सोडून त्यांच्याकडेच बघत होते.

किती फेऱ्या झाल्या ठाऊक नाही. आणि मग, मागे जाताना, वन्संचा पाय अडकला.

मला समोरून दिसला तो अडकताना. तो चेहरा मी ओळखते. पण ओळ मोडली नाही. काकी थांबल्या, यशोदा थांबली, त्यांच्यामागोमाग शेवटच्या बाईपर्यंत सगळी ओळ जागच्या जागी थांबली. गाणं थांबलं नाही. पुढची ओळ म्हणायच्या ऐवजी काकींनी तीच ओळ पुन्हा म्हटली. आमच्या बाजूनं ती झेलली. काकींनी तीच पुन्हा म्हटली. सगळ्या बायका जागेवरच पावलं आपटत होत्या, धप्, धप्, आणि तीच एक ओळ इकडून तिकडे जात होती, जणू ती तशीच म्हणायची असते. कुणी वन्संच्या पायाकडे पाहिलं नाही. कुणी घाई केली नाही.

पाय सुटला. ओळ मागे सरकली. काकींनी पुढचे शब्द उचलले.

त्या रात्री आणखी दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा गाणं त्यांच्यासाठी थांबून राहिलं. तिसऱ्या वेळी तर वन्सं अडकलेल्या पायानिशीच हसत होत्या.

संपल्यावर सगळ्यांना शिजवलेले चणे आणि गुळाचा खडा मिळाला. वन्सं तुळशीच्या कट्ट्याला टेकून बसल्या. गजरा खांद्यावर आला होता, साडी घोट्यापर्यंत लाल मातीनं माखली होती. शेवंतीकाकी त्यांच्या शेजारी येऊन टेकल्या.

"फुडल्या पौषाक येतलीस मगो, बाय?"

"यायला आवडेल," वन्सं म्हणाल्या. "पण काकी, तोवर पाय मला इथवर आणतील असं खात्रीनं नाही सांगता येत."

काकींनी मूठभर चणे त्यांच्या थरथरत्या हातात दिले आणि तो हात आपल्या हातानं मिटवला.

"पाय नाय आयले तर बसून गा. मांडार बसलेल्या बाईचीय ओळ असता."

आम्हाला परतून आता काही महिने झाले. वन्संच्या गोळ्या वाढल्या आहेत. चाल थोडी आणखी मंदावली आहे, हे खोटं कशाला सांगू. गल्लीतल्या बायका विचारतात, दुखवट्यात गोव्याला जाऊन काय पाहिलंत, सगळं बंदच असेल ना? वन्सं त्यांना काही सांगत बसत नाहीत. त्या समोरच्या बाईला उभं करतात, तिच्या कमरेला हात घालतात आणि म्हणतात, "चल, चार पावलं पुढे."